सोलापुरात चेस्टनट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

झाडांच्या रोगांची ओळख सालीवरून आणि लाकडावरून कशी करावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. सोलापूर जिल्ह्यात चेस्टनट हे परदेशी झाड पिकत नसताना अर्धा लेख त्यावर का खर्ची घातला, हा पहिला. चेस्टनटचा करपा बुरशीमुळे होतो आणि डाळिंबाचा तेल्या जिवाणूमुळे, म्हणून तुलनाच चुकीची, हा दुसरा. शेतकऱ्याला औषध हवे असते, इतिहास नको, हा तिसरा. शेवटी जाता जाता आपण लिहिले आहे की, आपल्या सांगोल्याकडच्या बागेत तेल्याने एकाच ओळीतली तीन झाडे पिवळी पडली आहेत आणि दोन फवारण्या होऊनही फरक नाही. मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते हेच वाक्य; त्याकडे शेवटी येतो.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. दोन्ही रोगांची चाल सारखीच असते, असे मी सरसकट लिहून गेलो, ते चूक होते आणि मूळ लेखात दुरुस्त केले आहे. चेस्टनटचा करपा सालीतल्या जखमेतून शिरतो, सालीखालचा जिवंत थर मारत फांदीभोवती कडे पूर्ण करतो आणि त्याच्या वरचा भाग वाळतो. तेल्या पाने, फुले, फळे आणि पेरे या सगळ्यांवर येतो आणि पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर झाडोझाडी पसरतो. साम्य आहे ते एवढेच, की पेऱ्यावरच्या काळ्या डागाने फांदीला वेढा घातला की तीही तिथेच तडकते आणि मोडते.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. (चेस्टनट म्हणजे उपवासाचा शिंगाडा नव्हे, शिंगाडा पाण्यात वाढतो, हा ओकच्या कुळातला मोठा वृक्ष आहे.) पूर्व आशियातून आणलेल्या रोपांबरोबर करप्याची बुरशी अमेरिकेत पोहोचली, १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर ती लक्षात आली आणि पुढच्या सुमारे पन्नास वर्षांत तीनशे ते चारशे कोटी झाडे गेली, असा अंदाज सांगितला जातो. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ मध्ये खास आयोग नेमून रोगट झाडे तोडायला घेतली, पण तोवर बुरशी फार पुढे गेली होती आणि दोन वर्षांत ते काम गुंडाळावे लागले. रोग रोपावर बसून येतो, ही गोष्ट मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. एका रोपवाटिकेतून आणलेल्या डाळिंबाच्या गुटी कलमांच्या (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपांच्या) पेऱ्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे काळपट डाग होते. बांधणीचे वळ असतील असे समजून मी ती लावली आणि पहिल्याच पावसाळ्यात सगळ्या पट्ट्यात तेल्या पसरला. मातृवृक्षाची बाग स्वतः पाहिल्याशिवाय कलम घेऊ नये, हे तेव्हा मला कुणी अमेरिकेची गोष्ट सांगून पटवले असते तरी चालले असते.

चेस्टनट घेण्याचे दुसरे कारण असे, की त्याचे दोन मोठे रोग लांबून एकमेकांसारखे दिसतात. करप्यात एखादी फांदी अचानक वाळते, वाळकी पाने तिला लटकून राहतात, सालीवर नारिंगी पुटकुळ्या येतात आणि चट्ट्याच्या खालून नवे धुमारे फुटतात. शाईरोगात सगळाच पर्णसंभार विरळ आणि पिवळा होत जातो, कारण बिघाड मुळांत असतो. बुंध्याची साल तासली तर आत जमिनीपासून वर चढलेले, ज्योतीच्या आकाराचे काळपट डाग दिसतात. पहिल्यात रोगट फांदी कापून काही साधते; दुसऱ्यात पाण्याचा निचरा सुधारल्याशिवाय शेंड्याकडे कितीही कापले तरी उपयोग नाही.

आता औषधाबद्दल. तेल्याचा डाग पानावर असेल तर पान सूर्याकडे धरून पाहावे: कोवळा डाग तेल सांडलेल्या कागदासारखा पारदर्शक दिसतो आणि त्याभोवती पिवळी कडा असते. फळावर काळपट, किंचित उंच डाग येऊन तो इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखा तडकतो. बुरशीजन्य ठिपके सहसा असे तडकत नाहीत आणि त्यांना तेलकट झाकही नसते. ताम्रयुक्त औषध पृष्ठभागावर राहून नवी लागण रोखते, आत शिरलेला रोग बरा करत नाही. म्हणून खरे काम फळे उतरल्यानंतरचे आहे: बागेला तीन-चार महिने विश्रांती, डागाच्या दोन इंच खालून छाटणी, प्रत्येक झाडानंतर कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवणे, गळलेला पाला गोळा करून जाळणे आणि मग एक टक्का बोर्डो, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मिश्रणात लोखंडी विळा मिनिटभर धरून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. प्रतिजैविकांच्या मात्रा मी मुद्दाम देत नाही, कारण ती माणसांच्या उपचारातलीही औषधे आहेत आणि ज्याला त्याला ती फवारायला सांगणे मला पटत नाही. त्यासाठी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात रोगट फांदी आणि फळ घेऊन जाणे अधिक शहाणपणाचे. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृग बहाराऐवजी पावसाळा सरताना येणारा हस्त बहार (फुलोरा) धरण्याचा सल्लाही योग्यच, कारण फळे कोरड्या हवेत पोसतात. पण आपल्याकडे सप्टेंबरच्या पावसात भारी जमिनीला ताण बसत नाही, म्हणजे बहारासाठी पाणी तोडता येत नाही, ही अडचण सल्ला देणारे फारसे सांगत नाहीत.

आता आपली तीन झाडे. तेल्या झाडे ओळीने पिवळी पाडत नाही. आपण पानांवर, फळांवर डाग असल्याचे लिहिलेले नाही. एका ओळीत, शेजारीशेजारी झाडे पिवळी होत असतील तर संशय मररोगाचा घ्यावा लागेल. तो जमिनीतल्या बुरशीचा रोग आहे आणि मुळांच्या स्पर्शाने व वाहत्या पाण्याबरोबर पुढच्या झाडाकडे जातो, त्यामुळे शेंड्यावरच्या दोन्ही फवारण्या वाया गेल्या असणार. सर्वात जास्त वाळलेल्या झाडाची अंगठ्याएवढी जाड मुळी आणि बुंध्याजवळचा एक तुकडा आडवा कापून पाहा. लाकडात तपकिरी-करडे, चांदणीसारखे फाकलेले डाग असतील तर मररोग समजावा. बारीक मुळ्यांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळ्यांत राहणारे सूक्ष्म जंत), बुंध्यावर टाचणीएवढी भोके आणि भुसा असेल तर खोडाला छिद्रे पाडणारा भुंगेरा. ही तिन्ही दुखणी एकाच झाडात एकत्रही सापडतात. लाकूड स्वच्छ पण मुळ्या काळ्या आणि कुबट वासाच्या निघाल्या तर ठिबक कमी करून निचऱ्याकडे पाहा.

मररोगच निघाला तर ते झाड मुळांसकट काढून जागेवरच जाळा, बागेतून ओढत नेऊ नका, आणि त्या ओळीच्या दोन्ही टोकांना अजून हिरव्या दिसणाऱ्या झाडांच्या मुळाशी औषधाची आळवणी करा, म्हणजे त्याचे द्रावण ओता. औषध त्यांच्यासाठी आहे. पूर्ण पिवळे झालेले झाड सहसा वाचत नाही. कापलेल्या तुकड्याचे छायाचित्र उजेडात काढून इथेच प्रतिक्रियेत टाकलेत, तर मीही पाहीन.