जेम्स आणि जेकब वेगळे नाहीत
‘जेम्स आणि जेकब ही दोन स्वतंत्र हिब्रू नावं’ असं एका लेखात म्हटलंय, ते विधान दुरुस्त करायला हवं. मूळ एकच, याकोव्ह. हिब्रूतल्या घशातून येणाऱ्या ‘अयिन’ या ध्वनीसाठी ग्रीकमध्ये अक्षर नव्हतं, तो गळून इयाकोबोस झालं (अरबीनं मात्र याकूबमध्ये तो जपला). लॅटिनमध्ये इयाकोबुस, आणि पुढे बोलण्यात ‘ब’चा ‘म’ होऊन इयाकोमुस. दोन्ही ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारले जाणारे, त्यामुळे ही अदलाबदल सहज होते. त्यातूनच इटालियन जाकोमो आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी जेम्स.

घोळ इंग्रजी बायबलमुळे होतो. 1611 च्या भाषांतरात जुन्या करारातला कुलपिता जेकब, नव्या करारातला प्रेषित जेम्स. मराठी बायबल उघडून पाहा: कुलपिता याकोब आणि नव्या करारातलं पत्रही ‘याकोबाचे पत्र’च. इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स राजाचे समर्थक ‘जेकबाइट’ म्हणवले गेले, तेही इयाकोबुस या लॅटिन रूपावरूनच.