तिसरी उशी

आप्पांच्या पलंगावर आयुष्यभर एकच उशी होती. हॉस्पिटलमधून आल्यावर दोन झाल्या. तिसरी मला सापडली गोधडीखाली सारलेली, चादर झाडायला गेले तेव्हा. "पाठीला लावतो गं," म्हणाले, आणि मीही मान डोलावली. चौथ्या दिवशी पहाटे श्वास लागला, पुन्हा ॲडमिट. पहिल्यांदा घरी आणून जेमतेम १९ दिवस झाले होते.

आडवं झाल्यावर दम लागणं, उशा वाढवाव्या लागणं हे आप्पांसारख्या हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या माणसात फुफ्फुसात पाणी साठत असल्याचं लक्षण असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आप्पांनाही नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना पक्कं कळत होतं. तरी उशी लपवली. का, ते महिनाभरानं बोलले: "सांगितलं की तुम्ही उचलून परत तिथं टाकणार. मला कोण इचारतंय?"

हे वाक्य मला अजून टोचतं, कारण ते खरं होतं.

आप्पांचं वय ७४. मिल चालू होती तोवर मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, मिल बंद पडल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पॉवरलूम कारखान्यात. लूमचा आवाज जरा बदलला की धोटा (आडवा धागा नेणारा) कुठं अडकतोय हे लांबून सांगणारा माणूस. आणि घरी आणल्या दिवसापासून आम्ही त्यांच्याकडून एकेक करत सगळं काढून घेतलं. गोळ्यांचा डबा आईकडे. फाईल माझ्याकडे. बाहेरच्या दाराला कडी. पुण्याचा भाऊ शनिवारी हुतात्मा एक्सप्रेस पकडून यायचा आणि बाकीचे सहा दिवस व्हिडिओ कॉलवर "आप्पा, नुसता आराम करायचा" हे एकच वाक्य. संडासलाही हात धरून नेलं. प्रेमच होतं, दुसरं काय. पण ज्या माणसाच्या शरीरात घडतंय त्यालाच त्यात काही काम ठेवलं नाही.

आणि आरामाचं म्हणाल, तर २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. सरासरी ६७ वर्षांची ठणठणीत माणसं १० दिवस बिछान्यात ठेवून पाहिली, तर पायांच्या स्नायूंचं जवळपास एक किलो वजन गेलं. ठणठणीत माणसांचं! आजारी म्हाताऱ्याचं काय होत असेल? अमेरिकेतलेच एक हृदयरोगतज्ज्ञ, हार्लन क्रुमहोल्झ, यांनी २०१३ साली या अवस्थेला पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम असं नावच दिलं. मोडलेली झोप, अर्धपोटी जेवण, सतत बिछाना, गोळ्यांची गुंगी, भीती, या सगळ्यानं माणूस मूळ आजार आटोक्यात आल्यावरही काही आठवडे खिळखिळा असतो. तेव्हा अमेरिकेत ज्येष्ठांपैकी पाचातला जवळपास एक जण महिन्याच्या आत पुन्हा ॲडमिट होत होता, आणि बऱ्याचदा कारण भलतंच असायचं. म्हणजे डिस्चार्ज झाला की सुटलो, हा आपला गैरसमज. खरा नाजूक काळ तिथून सुरू होतो, आणि तो घरच्यांच्या हवाली असतो.

डिस्चार्जच्या दिवशी आम्हाला पाच मिनिटं मिळाली. बिल भरायला दोन तास. कार्ड इंग्रजीत. या गावात कितीतरी घरांत तेलुगू, कन्नड चालतं, मराठी सगळ्यांना कळते, आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते मात्र इंग्रजीत! रक्तदाबाची जुनी गोळी घरात होतीच, हॉस्पिटलनं नवीन दिली. नावं वेगळी, आत औषध एकच, टेल्मिसार्टन. आई बिचारी दोन्ही देत होती. आप्पा उठले की भोवळ. आम्हाला वाटलं अशक्तपणा. शेवटी ओळखलं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं, दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवून. म्हणून सांगते, घरी आल्यावर जुन्या-नव्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून डॉक्टरसमोर किंवा केमिस्टसमोर ओता. लाज वाटायचं कारण नाही.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी माझ्याशी नाही, आप्पांशी बोलायला घेतलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "आता तुम्ही मला समजावून सांगा, घरी काय करणार?" आप्पा दोन ठिकाणी चुकले. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. एवढंच. पण आप्पा खुर्चीत ताठ बसले होते, ते मी कित्येक दिवसांनी पाहिलं.

तेव्हापासून वजनकाटा त्यांचा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कडक फरशीवर. काटा सतरंजीवर ठेवला तर खोटं बोलतो, हा शोध आप्पांचाच. आकडा कॅलेंडरवर. ५८.४, ५८.६, ५८.३. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी, लगेच फोन. मे महिन्यात एका लग्नात जेवून आल्यावर तिसऱ्या दिवशी काटा ६०.५ वर गेला. आम्हाला कळायच्या आत त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला होता. लघवीची गोळी चार दिवस वाढवली, खाली आलं. ॲडमिट नाही.

मिठाचं भांडण मात्र मोठं. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी सोड म्हणणं म्हणजे काय, ते सोलापूरकरांनाच कळेल. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा भरायच्या आतच, सगळं मिळून. आईनं चटणी वेगळी कुटली, लसूण-जिरं जास्त, मीठ नावाला. पहिल्या दिवशी आप्पांनी वाटी सारून दिली. आता खातात, पण तारीफ करत नाहीत. (बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मनानं आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं वाढू शकतं.)

पाणी दीड लिटर. बाहेर ऊन ४३ अंश! पण नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मोजून वापरायची सवय सगळ्यांनाच असते. सकाळी स्टीलच्या भांड्यात दीड लिटर काढून ठेवायचं आणि त्यातूनच प्यायचं. लईच घाम गेला, भोवळ आली तर पुन्हा फोन, कारण उन्हाळ्यात लघवीच्या गोळीचा हिशोब बदलावा लागतो.

सगळं त्यांच्यावर सोडून द्या, असं मी म्हणत नाहीये. काही जण म्हणतात तसं, आणि मग स्वतःच्या म्हाताऱ्यांकडे फिरकत नाहीत. फोन लावला तर उचलणारं कुणी लागतं, रात्री लक्षात ठेवणारं लागतं. आमच्या घरी ती आई. वय ७०, दोन्ही गुडघे गेलेले. दोन्ही वेळेला हॉस्पिटलच्या बाकावर झोपली ती. तिचं बीपी या सगळ्या काळात एकदाही कुणी तपासलं नाही, मीसुद्धा नाही. यावर मला काही शहाणपण सांगता येत नाही.

आप्पा आता संध्याकाळी एकटे सिद्धेश्वर तलावापर्यंत जातात, रिक्षानं, आणि काठानं जमेल तेवढं चालतात. आधी दारापासून टपरीपर्यंत जायला आठवडा लागला होता. भाऊ ओरडतो. ओरडू दे.

काल मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा सवयीनं पलंगाकडे पाहिलं. दोनच उशा. गोधडी उचलून पाहिली, तिथंही काही नव्हतं. तिसरी खाली सतरंजीवर आडव्या झालेल्या आईच्या गुडघ्याखाली होती, आणि आप्पा शेजारी बसून बाम शोधत होते.