विद्यापीठाच्या साइटला घाबरा म्हणे, आणि ‘सुरक्षित लिंक’वर डोळे मिटून जा!

‘विद्यापीठाची वेबसाइट नुसती उघडली तरी तुमचा मोबाइल नंबर, फोटो, कॉन्टॅक्ट सगळं त्यांच्याकडे जातं’ असा एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. पुढे सल्ले: कुकीज स्वीकारू नका, त्या पासवर्ड चोरतात; साइट इन्कॉग्निटोमध्येच (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत) उघडा, मग कुणाला पत्ता लागत नाही; गोपनीयता धोरण मान्य करणं म्हणजे माहिती विकायला परवानगी; आणि फॉर्म भरायचाच तर खालच्या ‘सुरक्षित लिंक’वरून भरा. असले मेसेज मी वाचतही नाही. पण भाचीने विचारलं, “मामा, मग प्रवेशाचा फॉर्म त्या लिंकवरूनच भरू ना?” तेव्हा डोकं फिरलं.

आधी ती लिंकच घेतो. बाकी सगळा अडाणीपणा आहे, हा सरळ धोका आहे. विद्यापीठावर भरवसा नाही म्हणून गुणपत्रिका, ओळखपत्र, सही, फोटो आणि फी भरताना कार्डाचा तपशील कुणाला द्यायचा? ज्याचं नाव-गावही माहीत नाही त्याला! वेबपत्त्यात सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग बघायचा, आणि तोही शेवटाकडून. मालक कोण ते तिथे कळतं. भाचीला आलेल्या पत्त्यात सुरुवातीला विद्यापीठाचं नाव होतं, मग टिंब, आणि शेवटी भलतंच काहीतरी. सुरुवातीला कुणाचंही नाव कुणीही लावू शकतो. “पण पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय की” हेही ऐकलं. कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कुणी माहिती वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला चोर असला तर ती चोरालाच नीट पोचते. याच गैरसमजापायी गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये कुलपाचं चिन्ह बदलून टाकलं.

आता कॉन्टॅक्ट आणि फोटो. साइट उघडली की सर्व्हरच्या नोंदीत साधारण एक ओळ पडते: आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), वेळ, कोणतं पान मागितलं, कोणता ब्राउझर, कोणत्या पानावरून आलात. त्यात फोन नंबर नसतो. कॅमेरा, माइक, लोकेशन हवं असेल तर ब्राउझर आधी तुम्हाला विचारतो; गॅलरीतला फोटो तुम्ही स्वतः निवडल्याशिवाय जात नाही.

कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू माँटुली यांनी ही सोय केली. एका साइटची कुकी दुसऱ्या साइटला वाचता येत नाही, मग तुमच्या बँकेचा पासवर्ड ती कुठून उचलणार? लॉगिन टिकतं ते कुकीमुळेच. सगळ्याच बंद केल्यात तर फॉर्मच्या दुसऱ्या पानावर बाहेर फेकले जाल.

इन्कॉग्निटोबद्दल मी कशाला बोलू? ती खिडकी उघडल्यावर क्रोम स्वतःच सांगतो, की भेट दिलेल्या साइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुमची हालचाल तरीही दिसू शकते. वाचायचे कष्ट घ्या.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. विद्यापीठाच्या पानावर विद्यापीठ एकटंच नसतं. गूगल अ‍ॅनालिटिक्स (किती जण आले ते मोजणारी सेवा), यूट्यूबचा व्हिडिओ, नकाशा, जाहिरातवाल्यांचे पिक्सेल (माग काढणारी न दिसणारी चित्रं) असलं काही पानात बसवलेलं असलं, की तुमचा आयपी पत्ता त्यांच्याकडेही जातो. अक्षरांचे फॉन्टसुद्धा सुटलेले नाहीत. म्युनिकच्या न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी एका वेबसाइट चालवणाऱ्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून येत होते आणि पाहणाऱ्याचा आयपी पत्ता संमतीशिवाय गूगलला जात होता. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता आला असता, हेही न्यायालयाने सुनावलं. म्हणजे तक्रारीला जागा आहे, पण ती या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

‘धोरण मान्य म्हणजे विक्रीला परवानगी’ हेही असंच हवेतलं. माहिती कुणाला देणार, हे त्या धोरणातच लिहिलेलं असायला हवं. उघडा आणि तो परिच्छेद शोधा. लिहिलेलं नसेल तर विद्यापीठाला विचारा: फॉर्म कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो? प्रवेश न मिळालेल्यांची कागदपत्रं किती काळ ठेवता? रक्तगट प्रवेशाआधीच कशाला हवा? भाचीला मी विद्यापीठाचा पत्ता स्वतः टाइप करायला लावला, आणि हे तीन प्रश्न प्रवेश विभागाला ईमेलने पाठवायला सांगितलेत.