स्वतःच्या जबाबदारीवर

बायकोला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनची नोकरी लागली आणि घरात कामांची वाटणी झाली. आईनं मसाले घेतले, बायकोनं व्हिसा घेतला. मी राजीनामा देऊन बसलो होतो, म्हणजे सरकारदरबारी रिकामा. त्यामुळे ‘तिथले डॉक्टर आणि विमा समजून घेणे’ हे खातं माझ्या गळ्यात पडलं.

आता विमा या विषयातलं माझं ज्ञान असं, की पॉलिसी ही कपाटात लग्नाच्या अल्बमखाली प्लास्टिकच्या फाइलीत राहते आणि दरवर्षी महाग होते. ती उघडायची वेळ एकदाच आली, वडिलांच्या हर्नियाला. तेव्हा कळलं की खोलीचं भाडं मर्यादेच्या वर गेलं की ऑपरेशनच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. शिवाय ग्लोव्हज आणि कापसाचे पैसे वेगळे. डॉक्टरांनी उघड्या हातांनी ऑपरेशन करायला हवं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

डच विम्याची माहिती वाचायला बसलो तर दुसऱ्याच पानावर ‘आयखन रिसिको’ आडवं आलं. दोन रात्री त्यात गेल्या. वजावट म्हणावं, तर हप्त्यातून काही वजा होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कर्वे रोडवर एका बेकरीबाहेर स्कूटर लावताना समोर पाटी दिसली: ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.’ मी तिथंच थांबलो. आयखन म्हणजे स्वतःची, रिसिको म्हणजे जोखीम. सगळा डच विमा एका पुणेरी पाटीत बसला होता!

तर प्रकार असा. तिथं गेल्यावर चार महिन्यांच्या आत प्रत्येकानं मूळ विमा घ्यायलाच हवा, आणि चौथ्या महिन्यात जागे झालात तरी हप्ता पहिल्यापासूनचा भरायचा. मोठ्या माणसाला महिन्याला दीडशे युरोंच्या पुढे. वर्षातला पहिला ३८५ युरोंचा खर्च मात्र स्वतःच्या जबाबदारीवर, त्यानंतर कंपनी. फॅमिली डॉक्टरला भेटणं या हिशेबात धरत नाहीत, पण त्यानं रक्त तपासायला पाठवलं किंवा औषध लिहून दिलं की मीटर सुरू. दात मोठ्यांनी स्वतःच्या हिमतीवर सांभाळायचे. अठराच्या आतल्या मुलांना हप्ताही नाही आणि ३८५ही नाहीत.

बायकोनं हे सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “म्हणजे पोरीला काही झालं तर बघता येईल. तुला काही होता कामा नये.”

आमची इथली पॉलिसी ज्या मामांनी उतरवली त्यांना सल्ला विचारायला गेलो. मामा बायकोचे, त्यामुळे चहा मिळाला. “इथली बंद करू नकोस,” ते म्हणाले. “परत आलास की नव्यानं घ्यावी लागेल, आणि जुन्या आजारांना तीन-तीन वर्षं वेटिंग लावतील. तिकडे बीपी सांगितलंस का?” मी म्हटलं, तिकडे मूळ विमा कुठल्याही कंपनीला नाकारता येत नाही. बीपी असो, साखर असो, हप्ता तोच. मामांनी कप खाली ठेवला. “सगळ्यांना घ्यायचं? आणि हप्ता तोच?” बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “मग एजंटनं करायचं काय?”

विमा असा मार्गी लागला. डॉक्टर लागेना.

फॅमिली डॉक्टरला डच लोक ‘हाउसआर्ट्स’ म्हणतात. आईनं त्याचा पहिल्या दिवशीच ‘हौसडॉक्टर’ केला. हा घराजवळचाच हवा, आणि त्याच्याकडे जागा असेल तरच तो आपल्याला पेशंट करून घेतो. स्पेशालिस्टकडे जायचं तर याचीच चिठ्ठी लागते. गुडघा दुखला म्हणून थेट गुडघ्याच्या डॉक्टरकडे, ही सोय नाही. आधी फोन करायचा. फोनवर असिस्टंट चौकशी करणार आणि मग ठरवणार की तुम्ही यावं की घरीच पडावं. यायला सांगितलंच तर दहा मिनिटं. आणि तिथं राहून आलेला जो भेटला त्यानं एकच सांगितलं: काहीही घेऊन जा, पॅरासिटामॉल घे म्हणतात आणि घरी पाठवतात.

“एवढ्यासाठी दीडशे युरो?” आई म्हणाली. आईच्या मते ज्या डॉक्टरनं काही दिलं नाही त्याला काही कळलं नाही.

बायकोनं मग फर्मान काढलं की निघेपर्यंत घरात डच पद्धत चालेल. सवय व्हायला हवी. आणि त्याच रात्री मला कणकण आली. माझ्या तब्येतीला नाट्याची जाण आहे.

सकाळी अंग मोडून आलं होतं. मी पांघरुणातून म्हटलं, “डॉक्टरकडे जाऊन येतो.”

“फोन करा,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी खरंच फोन केला. तिनं ओट्याशी उभं राहून उचलला. “बोला, काय होतंय?”

“ताप आहे. शंभर पॉइंट चार.”

“सेल्सिअसमध्ये सांगा.”

माणसाला तापात भागाकार करायला लावणं हा छळ आहे. अडतीस आला.

“किती दिवस झाले?”

“कालपासून.”

“पाणी पिताय ना? श्वास लागत नाही ना? मग पॅरासिटामॉल घ्या. तीन दिवसांत उतरला नाही तर परत फोन करा.” आणि ठेवला. मागोमाग कुकरची शिट्टी मला प्रत्यक्षही ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको ऑफिसातून यायच्या आत आईनं मला रिक्षात घातलं आणि नारायण पेठेत नेलं. आमचे डॉक्टर तिथं एका जिन्याखाली तीस वर्षं बसतात. बाकावर अकरा माणसं, पंखा एक. त्यांनी जीभ पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला, “जातोयस म्हणे” म्हणाले आणि कंपाउंडरकाकांनी नेहमीप्रमाणे पुड्या बांधल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी पुडी उघडून विचारलं, “डॉक्टर, ही पांढरी कसली?”

“पॅरासिटामॉल.”

“पिवळी?”

“बी कॉम्प्लेक्स.”

“आणि ही गुलाबी?”

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. आई बाहेर बाकावर कुणाला तरी हौसडॉक्टर समजावून सांगत होती. “ती तुझ्या आईसाठी,” ते हळूच म्हणाले.

तिथल्या डॉक्टरला दाखवायला बीपीच्या गोळीचं पत्र हवं होतं. कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं, आणि मुख्य म्हणजे वाचता येईल असं. डॉक्टरांनी लेटरहेड ओढलं आणि शाळेतल्या मुलासारखं जीभ दातांत धरून एकेक अक्षर सुटं काढलं: अॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. “साहेब, हे मला लागत नाहीये,” ते म्हणाले.

घरी आल्यावर बायकोला काही सांगितलं नाही. गुलाबी गोळी रात्री जेवणानंतर घेतली. सकाळी ताप साफ उतरला होता.

“बघ,” आई म्हणाली, “त्यांच्या हाताला गुण आहे.”

बायकोनं डबा भरता भरता पोळीच्या लाटण्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. तिसरा दिवस होता.