पाच एप्रिलला पर्ड्यू कुठे असेल?

पाच एप्रिलला आईची पंचाहत्तरी आहे. रविवार आलाय, सांगलीत हॉल मिळालाय, ताईने केटररला अ‍ॅडव्हान्सपण देऊन टाकलाय आणि फॅमिली ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच प्रश्न फिरतोय, तो म्हणजे "दादा, तिकीट काढलंस का?" मी रोज अंगठा टाकतो. त्या अंगठ्याचा अर्थ हो की बघतो की मेसेज मिळाला, हे मी मुद्दाम मोघम ठेवलंय.

कारण ४ एप्रिल २०२६ ला शनिवारी फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीमची सेमीफायनल आहे आणि ६ तारखेला सोमवारी फायनल. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची. यंदा इंडियानापोलिसला, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने जेमतेम तासभर. आणि पर्ड्यूचा, म्हणजे माझ्या इथल्या युनिव्हर्सिटीच्या टीमचा, नंबर यंदा सीझन सुरू व्हायच्या आधीच देशात पहिला लागलाय.

आता तुम्ही म्हणाल पहिला नंबर आला, पेढे वाटा की. नाही हो. हेच तर दुखणं आहे. मी इथे २०१० साली मेकॅनिकलमध्ये एमएस करायला आलो, तेव्हा मला बास्केटबॉलमधलं फक्त बास्केट कळत होतं. (गावातल्या हॅरीज चॉकलेट शॉपमध्ये पहिल्या आठवड्यात चॉकलेट घ्यायला गेलो होतो, तो बार आहे, यावरून माझी एकंदर समज ओळखा.) पण सांगलीचा माणूस, शेजारच्या कोल्हापुरात पेठापेठांचा फुटबॉल बघून वाढलेला, मॅचवरून भावाभावात अबोला झालेला बघितलेला. एकदा कुणीतरी पर्ड्यूच्या मॅकी अरेनात मॅचला नेलं, चौदा हजार माणसं एका तालात टाळ्या वाजवत होती, खुर्च्या हादरत होत्या, आणि मी वाया गेलो तो गेलोच.

पर्ड्यूचं थोडक्यात सांगतो. बिग टेन नावाची जी आमची कॉन्फरन्स, म्हणजे युनिव्हर्सिट्यांची लीग आहे, तिची सगळ्यात जास्त विजेतेपदं आमची. म्हणजे वर्षभर अभ्यासात पहिला येणारा पोरगा. आणि मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरला बसला की तापाने फणफणणार. मार्चमधली स्पर्धा म्हणजे ६८ टीम, आणि एकदा हरलात की घरी, निकाली कुस्ती, रिव्हिजन नाही, पुनर्मूल्यांकन नाही. सहा कुस्त्या मारल्या की चॅम्पियन. आमच्या नावावर या स्पर्धेचं विजेतेपद शून्य. १९३२ च्या टीमला नंतर कधीतरी मागे वळून "तुम्ही त्या वर्षी भारी होता बरं का" असं एक सर्टिफिकेट दिलं गेलं, पण तेव्हा ही स्पर्धाच नव्हती. त्या टीमचा हिरो जॉन वुडन. तो पुढे यूसीएलए या दुसऱ्या युनिव्हर्सिटीला कोच झाला, तिथे दहा विजेतेपदं मिळवली, आणि त्यातलं एक १९६९ च्या फायनलला आम्हालाच ९२-७२ असं धुऊन. घरच्याच पोराने.

दोन तासांवर ब्लूमिंग्टनला आमचे सख्खे वैरी, इंडियाना युनिव्हर्सिटी, त्यांची पाच विजेतेपदं. त्यांचा कोच बॉब नाईट याने १९८५ मध्ये आमच्याविरुद्धच्या मॅचमध्ये चिडून अख्खी खुर्ची कोर्टवर भिरकावली होती, आणि ती मॅच आम्ही जिंकलो होतो, पण लोकांना खुर्चीच लक्षात आहे. माझ्या ऑफिसात त्यांचा एक फॅन आहे. तो वाद घालत नाही, टोमणेसुद्धा मारत नाही. मीटिंगमध्ये लांबून माझ्याकडे बघून नुसता पंजा दाखवतो. पाच बोटं. सोमवारी गुड मॉर्निंग म्हणताना पण पाच बोटं.

तर मार्चमधला आमचा ताप. २०२२ साली सेंट पीटर्स नावाच्या न्यू जर्सीतल्या चिमुकल्या कॉलेजने हरवलं, पंधरावं सीड. (सीड म्हणजे स्पर्धेआधी दिलेला क्रमांक, पहिला सगळ्यात तगडा, सोळावा सगळ्यात दुबळा.) बरं, ठीक आहे, होतं कधी कधी. २०२३ ला आम्ही पहिलं सीड, आणि समोर सोळावं सीड फेअरली डिकिन्सन, देशातली सगळ्यात बुटकी टीम. आमच्याकडे झॅक ईडी, सात फूट चार इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. हत्ती आणि मुंग्यांची गोष्ट लहानपणी ऐकली होती पण हत्तीच्या बाजूने बसून पहिल्यांदा बघितली. ६३-५८. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्या सीडला सोळाव्याने हरवायची ही फक्त दुसरी वेळ. ती मॅच मी शेजारच्या आजोबांच्या बेसमेंटमधल्या सोफ्यावर बसून पाहिली. मॅच संपल्यावर आजोबा काही बोलले नाहीत. रिमोट उचलला, त्यातले सेल काढले आणि खिशात घातले.

हे आजोबा म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. पर्ड्यूचेच पदवीधर, वय ऐंशीच्या पुढे, ६९ ची फायनल आठवते म्हणतात. त्यांच्याकडे एक वही आहे. त्यात प्रत्येक मॅचला कोण कुठे बसलं होतं, काय खाल्लं, खिडकी उघडी होती का बंद, याची नोंद. मला आधी वाटलं म्हातारपणाचा छंद असेल. मग एकदा त्यांनी मला सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात बसवलं, आम्ही बारा पॉइंटनी मागे होतो ते जिंकलो. तेव्हापासून मी वहीला हात लावताना आधी हात धुतो.

२०२४ ला मात्र चमत्कार झाला. ४४ वर्षांनी फायनल फोर! टेनेसीला हरवलं त्यात ईडीने एकट्याने ४० पॉइंट मारले (ही मॅच मी बघितली नाही, सोमवारची मीटिंग होती म्हणून रविवारी नेमका विमानात होतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). मग फायनल. ८ एप्रिल २०२४. आईला फोनवर सांगितलं तर ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "अरे आज सोमवती अमावास्या. त्यात सूर्यग्रहण. अशा दिवशी कुणी काही ठेवतं का?" मी म्हटलं आई, ग्रहण इंडियात नाही, इथेच आहे. "मग तर झालंच," आई म्हणाली. आणि ग्रहणाचंसुद्धा बघा, ब्लूमिंग्टनला खग्रास, इंडियानापोलिसला खग्रास, आणि आमच्या गावाहून खग्रासचा पट्टा थोडक्यात हुकला. दुपारी चष्मा लावून अंगणात उभं राहून ती उरलेली बारीक कोर बघताना मला रात्रीचा निकाल कळला होता. युकॉनने, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटीने ७५-६० ने हरवलं. ईडीचे ३७ पॉइंट, बाकी सगळ्यांचे मिळून २३. तिकडे सांगलीत सकाळ झाली होती, पाडवा होता, आईने गुढीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं "नवीन वर्ष तुमच्या टीमला चांगले जावो".

नवीन वर्षात इंडियानापोलिसलाच ह्यूस्टनने शेवटच्या सेकंदाला हरवलं. ६२-६०. मी प्रत्यक्ष स्टेडियमात होतो. आजोबांनीच नेलं होतं.

तर या सगळ्यानंतर आता यंदा पहिला नंबर, सीझनच्या आधीच्या यादीत कधी नव्हे तो पहिल्यांदाच. ब्रेडन स्मिथ परत आलाय, जेमतेम सहा फुटांचा पोरगा, पण पास असे देतो की ज्याला दिलाय त्यालाच आधी कळत नाही. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या बॉबी हर्लीचा १,०७६ असिस्टचा, म्हणजे ज्यावर बास्केट झालं अशा पासचा, जुना रेकॉर्ड तो यंदा मोडणार अशी चर्चा आहे. फ्लेचर लॉयर आहे, ट्रे कॉफमन-रेन आहे. आजकाल पोरं दर उन्हाळ्यात पैसे बघून कॉलेज बदलतात, भाड्याची खोली बदलल्यासारखी, त्या काळात हे तिघं इथेच राहिले, त्या फेअरली डिकिन्सनच्या रात्रीपासून आहेत. गेल्या वर्षी ईडी नव्हता तर बास्केटखाली हुकलेला बॉल पकडताना, म्हणजे रिबाउंडिंगला, आमचं कुणी ऐकत नव्हतं, यंदा ऑस्कर क्लफ नावाचा दांडगा ऑस्ट्रेलियन आणलाय, आणि सात फूट चार इंची डॅनियल जेकबसन पाय मोडून गेल्या वर्षी दुसऱ्याच मॅचला बाहेर बसला होता तो पण परत आलाय. कागदावर खोट काढायला जागा नाही. आणि म्हणूनच झोप नाही. पर्ड्यू आयुष्यात पहिल्यांदा नंबर एक झाली ती डिसेंबर २०२१ ला, आणि लगेच पुढच्याच मॅचला रटगर्सच्या पोराने अर्ध्या कोर्टावरून बॉल फेकला, बझर वाजला, आत. असं आहे आमचं आणि एक नंबरचं.

गावात सगळ्यांची हीच अवस्था आहे. न्हावी केस कापताना मध्येच थांबतो आणि आरशातून विचारतो, "काय वाटतं?" कुणी "यंदा" हा शब्द उच्चारला की लोक लाकूड शोधतात, टकटक करायला. आणि त्याच वेळी प्रत्येकाने गुपचूप इंडियानापोलिसची हॉटेलं बघून ठेवलीत. मीपण बघितली. इनकॉग्निटो विंडोत.

आता माझा पेच समजून घ्या. सांगलीचं तिकीट काढलं तर त्याचा अर्थ मी ऑक्टोबरमध्येच टीमवरचा विश्वास काढून घेतला, आणि मार्चमध्ये हरले तर ते माझ्या डोक्यावर. नाही काढलं तर त्याचा अर्थ मी आत्ताच त्यांना फायनल फोरमध्ये नेऊन बसवलं, म्हणजे दृष्ट लावली, हरले तर तेही माझ्याच डोक्यावर, वर पंचाहत्तरी पण गेली. बायकोला म्हटलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसात क्वार्टर क्लोजिंग असतं. ती म्हणाली, "तू मेकॅनिकल इंजिनिअर आहेस."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी केंटकीत एक्झिबिशन मॅच होती. नुसती सरावाची, रेकॉर्डला धरत पण नाहीत. चिवड्याचा डबा घेऊन बसलो. हरलो. पंज्यावाल्याचा मेसेज आला, त्यात नुसता हाताचा इमोजी. मी आईला व्हिडिओ कॉल केला, आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली दृष्ट लागलीय, काढ. कुणाची काढू, टीमची? "टीव्हीची काढ."

मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मी टीव्हीवरून तीनदा उतरवल्या, आई तिकडून "इडापिडा टळो, आल्यागेल्याची, पाप्याची, हॉटेलवाल्यांची" असं काय काय म्हणत होती, आणि मग ते तव्यावर टाकलं. टाकायला पाहिजे होतं अंगणात, टाकलं घरात गॅसवर. मिरच्यांचा धूर वर गेला आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला, तो थांबेना, पोरगा खोकत टॉवेलने वारा घालतोय, बायकोने दोन्ही दारं उघडली, आणि उघड्या दारात शेजारचे आजोबा उभे. बाथरोबमध्ये, हातात आग विझवायचं लाल नळकांडं.

मी जमेल तेवढं समजावलं. की नजर असते, ती अशी उतरते, मिरचीचा ठसका आला नाही तर नजर लागलेली होती असं समजायचं. आजोबा खोकत खोकत ऐकत होते. डोळ्यातून पाणी येत होतं. म्हणाले, "याने रिबाउंडिंग सुधारतं का?"

मग बसले. बायकोने चहा दिला, चकली दिली. फोनवर आई अजून होतीच, तिने त्यांना हात जोडले, त्यांनी तिला चकली दाखवली. आणि बोलता बोलता बायकोने, मुद्दाम म्हणणार नाही मी पण मुद्दामच, पाच एप्रिलचा विषय काढला. की बघा ना, आईची पंचाहत्तरी आणि हा तिकीट काढत नाहीये, मॅचपायी.

मला वाटलं आजोबा माझ्या बाजूने बोलतील. फॅनला फॅनची कदर. ते काहीच बोलले नाहीत, उठले, घरी गेले आणि पाच मिनिटांनी वही घेऊन आले. चष्मा लावला. बोट ओळीवरून फिरवत वाचायला लागले. "तेवीस, फेअरली डिकिन्सन. तू सोफ्यावर. चोवीस, युकॉन. सोफ्यावर. पंचवीस, ह्यूस्टन. माझ्या शेजारच्या खुर्चीत." पान उलटलं. "चोवीस, टेनेसी." थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "विमानात."

घरात एकदम शांतता. अलार्मसुद्धा गप्प.

"किती तारखेचं बघतोयस तिकीट?" त्यांनी विचारलं.

म्हटलं काढलंच तर, तीन एप्रिल.

"छे, छे. फार उशीर होतो." ते बायकोकडे वळले. "पहिला राउंड १९ मार्चला सुरू होतो. त्याच्या आत निघाला तर? शिकागो एअरपोर्टला मी सोडतो. तिकिटात फरक पडला तर तोही मी देतो."

बायकोने लॅपटॉप उघडला होताच. फोनमधून आई विचारत होती, काय म्हणतायत ते, काय म्हणतायत. बायको तारखा बघत म्हणाली, "आई, १९ मार्चला पाडवा आहे ना हो? गुढी यंदा हाच उभारेल."