"आता बरा आहे ना?"

धाकट्याला दवाखान्यातून घरी आणून आज पाच आठवडे झाले. न्यूमोनिया होता. सहा दिवस ॲडमिट होता, त्यातले पहिले दोन ऑक्सिजनवर. साडेतीन वर्षांचा आहे.

या पाच आठवड्यांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे "आता बरा आहे ना?" विचारणारी सगळी जिवाभावाची माणसं. मीही दर वेळी "हो, आता बरा आहे" म्हणून फोन ठेवते. आज सविस्तर उत्तर लिहायला बसले आहे. डिस्चार्जचा कागद हातात पडला की आजारपण संपलं असं आपण सगळेच धरून चालतो, आणि त्यामुळे लेकराचे आणि घरातल्या प्रत्येकाचे फार हाल होतात, असं माझं आता ठाम मत झालंय. ताप चार दिवसांत उतरला. दुखण्यातून उठणं अजून चालू आहे.

घरी आलो त्या दिवशी तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला. हट्ट नाही, रडणं नाही, नुसता बसला आणि म्हणाला, "आई, पाय संपले." आजारापूर्वी हाच मुलगा तो जिना दिवसातून दहा वेळा धावत चढायचा. मी त्याला उचलून घेतलं आणि किती हलका झालाय ते हाताला कळलं.

खोकला तर सर्वांना दिसतो, म्हणून त्यावर सल्लेही सर्वाधिक. "अजून खोकतोय? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा." आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की खोकला तीन-चार आठवडे राहील, घाबरू नका. कारणही समजावलं. श्वासनलिकेला आतून केसांसारखे अगदी बारीक तंतू असतात, ते कफ वर ढकलतात. संसर्गात त्यांची नासधूस होते आणि ते पुन्हा नीट कामाला लागेपर्यंत कफ बाहेर काढायचं काम खोकल्यालाच करावं लागतं. हे कळल्यावर रात्रीचा तो आवाज मला जरा वेगळा ऐकू यायला लागला. चार वर्षांखालच्या मुलांना दुकानातून आणलेली खोकल्याची बाटली आपल्या मनाने द्यायची नसते, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं. घरी अशा दोन बाटल्या प्रेमाने येऊन पोचल्या होत्या. मी न उघडता ठेवून दिल्या.

पण माझी भीती काही गेली नव्हती. पहिले दहा-बारा दिवस मी रात्री दोन वाजता उठायचे, मोबाईलचा उजेड भिंतीकडे वळवायचे, त्याचा सदरा हळूच वर करायचे आणि पोटाचं वर-खाली होणं मोजायचे. पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, मूल शांत असतानाच मोजायचं, रडताना किंवा तापात आकडा वाढतो, हे सगळं वॉर्डातल्या सिस्टरांनी शिकवलं होतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त झाला तर तो जोरात चाललाय असं समजतात. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला ही मर्यादा ५० ची. माझ्या वहीत २६, २८, २५ असेच आकडे आहेत. तरी मोजायचे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणीही घेत नसेल किंवा हलवूनही नीट जागं होत नसेल, तर आकडा न बघता थेट दवाखाना गाठायचा. हे शेवटचं वाक्य मी सगळ्या आईबापांसाठी मुद्दाम लिहितेय. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची ७ लाख ४० हजारांहून जास्त मुलं न्यूमोनियाने गेली. हा आकडा मी दवाखान्यातल्या तिसऱ्या रात्री वाचला. वाचायला नको होता, पण आता वाचलाय म्हणून सांगते: लस चुकवू नका. न्यूमोकॉकल, हिब, गोवर, डांग्या खोकला, या सगळ्या लसी फुप्फुसांनाही जपतात.

आता मला खरं जे बोलायचंय ते.

दवाखान्यात माझा मुलगा अतिशय शहाण्यासारखा वागला. सगळे तेच म्हणत होते, किती गुणी आहे हो! पहिला दिवस प्रचंड रडला, नंतर गप्प. सुई टोचताना छताकडे बघायचा. घरी आला आणि तिसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. मोजा चुकीच्या पायात घातला म्हणून पाऊण तास किंचाळला. दोन वर्षांपूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. मी नजरेआड झाले की दारावर धडका. आणि मग पुन्हा फोन: "आजारात लाडावलाय, आता जरा शिस्त लावा."

मला हे पटलं नाही. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी जी गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. पूर्वी आईबापांना मुलांच्या वॉर्डात राहू देत नसत. कित्येक ठिकाणी आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी तासभर भेट, बस्स. मूल पहिल्यांदा आकांत करायचं, मग गप्प व्हायचं, आणि सगळे म्हणायचे, रुळलं बाई एकदाचं. ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन या माणसाने १९५० च्या आसपास अशा वॉर्डांत बसून मुलांकडे नीट पाहिलं आणि सांगितलं की ती रुळलेली नाहीत, त्यांनी आशा सोडली आहे. तिथेच सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने १९५९ मध्ये अहवाल दिला की आईबापांना मुलांकडे केव्हाही येऊ द्या, लहान मुलांच्या आयांना त्यांच्याजवळ राहू द्या. दवाखान्यात मी माझ्या लेकराच्या खाटेशेजारी खुर्चीत अवघडून झोपले, पाठ धरली, कुरकुर केली. पण झोपू दिलं. कुणीतरी त्यासाठी भांडलं होतं म्हणून.

मी शेजारी असूनसुद्धा तो गप्प झाला होता. जे तिथे गिळलं ते इथे, स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईसमोर बाहेर काढत होता. दुसरीकडे कुठे काढणार? म्हणून अंथरूण ओलं झालं की आम्ही चादर बदलतो, काही बोलत नाही, त्याच्यादेखत कुणाला सांगत नाही. गेल्या आठवड्यात चार रात्री कोरड्या गेल्या. आम्ही त्याचंही कौतुक केलं नाही, म्हणजे ओली गेली तर त्याला काही हरल्यासारखं वाटायला नको.

डाव्या हाताची गोष्ट सांगायची राहिली. सलाईनसाठी त्या हाताला पट्टी लावून चिकटपट्टीने बांधलं होतं. सुई काढली, पट्टी काढली, घरी आलो. पण तो हात तसाच. जेवताना उशीवर ठेवायचा, पालथा, बोटं सरळ. कपडे घालताना "हळू, सुई आहे" म्हणायचा. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "अरे नाहीये सुई, बघ ना." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून मीही तो हात हळूच उचलायला लागले. नवव्या दिवशी ठोकळे रचताना त्याला दोन हात लागले आणि त्याने दोन्ही वापरले. कुणीही काही बोललं नाही.

त्याच सुमारास त्याने अस्वलाला ॲडमिट केलं. लाकडी पट्टी, माझा रुमाल, पेन म्हणजे सुई. मी दारातून बघत होते. अस्वलाचा हात दाबून धरून तो म्हणत होता, "रडायचं नाही. काही दुखत नाही. शूर आहेस ना? मग रडायचं नाही." आवाज माझा होता. शब्दही माझे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुखणार नाही, असं मी त्याला किमान पाच-सहा वेळा सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी दुखलं होतं. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दिवशी मी त्याच्याशी खोटं बोलले, आणि वर रडूही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि अस्वलाला म्हटलं, "दुखेल थोडं. रडायचं तर रड, मी हात धरून बसते." तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "त्याला खूप दुखलं होतं." मग अस्वल रडलं, आणि तोही.

म्हणून कळकळीने सांगते, मुलांना "दुखणार नाही" म्हणू नका. आणि "औषध घे, नाहीतर डॉक्टर सुई देतील" तर कधीच नको. सुई ही त्याला बरं करायला होती, शिक्षा म्हणून नव्हती. या वयाची मुलं तसंही आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून आजारी पडलो असं मनात धरतात. आपण त्यात भर का घालायची?

हे मला थोरलीने शिकवलं. ती नऊ वर्षांची. सगळ्या धावपळीत ती आजीकडे होती, आणि घरी आल्यावरही "ताई आहे ना मोठी, ती समजून घेते" या वाक्यावर आम्ही तिला ठेवून दिलं होतं. तिने खरंच समजून घेतलं, इतकं की एकदा तिच्या पोटात दुपारपासून दुखत होतं ते तिने रात्री झोपताना सांगितलं. दुपारीच का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "तुम्ही आधीच दमलाय." आणि मग अंधारात, बऱ्याच वेळाने, "आई, मी त्याला जा तू इथून म्हणाले होते. त्याच रात्री त्याला ताप आला."

पाच आठवडे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हे ओझं इतके दिवस एकटीने वाहिलं. जंतूंमुळे झालं, बोलण्यामुळे आजार होत नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा तिच्या बाबांनी सांगितलं. आता रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त तिचा. त्या वेळात धाकट्याचं नाव निघालं तर तिने काढलेलं असेल तरच.

बाकीचं थोडक्यात. भूक परत यायला वेळ लागला. आम्ही ताट घेऊन मागे धावणं बंद केलं, थोडं थोडं आणि जास्त वेळा द्यायला लागलो, आणि आजारानंतर किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्यावं हा सल्ला पाळला. वजन भरून येतंय. अँटिबायोटिकचा कोर्स शेवटच्या डोसापर्यंत पूर्ण केला. औषध सोबत आलेल्या मापानेच दिलं, घरातल्या चमच्याने नाही, कारण चमचे सारखे नसतात. बालवाडी अर्ध्या दिवसाने सुरू केली आणि पहिल्या आठवड्यात दोनदा मधूनच घरी आणलं.

रजेचं मात्र बोलायलाच हवं. दवाखान्यात असेपर्यंत आम्हाला दोघांनाही रजा मिळाली, कुणी हूं की चूं केलं नाही. डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला ऑफिसातून फोन, "आता घरी आलाय ना, मग उद्यापासून?" दवाखान्यात निदान डॉक्टर होते, सिस्टर होत्या. घरी रात्रभर जागणारे आम्ही दोघंच होतो आणि सकाळी आठला त्यातला एक निघून जायचा. माणसं लागतात ती घरी आल्यावर. दवाखान्यात भेटायला तीस जण आले. घरी आल्यावर एक आत्या आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "तू झोप, मी त्याच्याजवळ बसते." मी चार तास झोपले. ते ऋण माझ्यावर आयुष्यभर राहील.

तर आता बरा आहे का? आज जिना एका दमात चढला, वर पोचल्यावर खोकला. रात्री एकदा दचकून उठतो, पूर्वी तीनदा उठायचा.

हे लिहीत असताना आतल्या खोलीत दोघांची जुंपली आहे. ठोकळ्यांवरून. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच. थोरली ओरडली, "जा तू इथून!" आणि एकदम थांबली. मी दाराशी गेले तर तिचा चेहरा पांढरा पडला होता, माझ्याकडे बघत होती. धाकट्याने दोन्ही हातांनी ठोकळे छातीशी धरले आणि जोरात म्हणाला, "तूच जा!"

मी परत येऊन इथे बसले आहे. अजून भांडताहेत.