अपडाऊन की होस्टेल? नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाना, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यात राहिली. दोन ओळी लिहून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की विज्ञानात एम.एस्सी. करायचं असेल आणि एका बाजूच्या प्रवासाला दीड तासाच्या वर लागत असेल, तर अपडाऊनच्या भानगडीत पडू नका, होस्टेल घ्या. त्यावर अमळनेर तालुक्यातल्या नानांनी कळवलंय की हा सल्ला पगारदारांच्या घरचा आहे. कापसाला भाव नाही, मेसचे पैसे दर महिन्याला कुठून आणायचे? त्यांच्या मुलीला जळगावला विद्यापीठात रसायनशास्त्राला प्रवेश मिळतोय. गाडी तासा-सव्वातासाची आहे, पास स्वस्त आहे आणि संध्याकाळी पोर घरी असते. ‘पोर डोयासामने ऱ्हायनी ते जीवले घोर नही,’ असं त्यांनी लिहिलंय. होस्टेलात मुलं बिघडतात हेही त्यांनी पाहिलंय. आणि शेवटी, त्यांची पिढी पॅसेंजरने अपडाऊन करूनच शिकली आणि नोकरीला लागली.

नाना, पैशाचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात खरा आहे. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. रेल्वेचा विद्यार्थी पासही साध्या पासापेक्षा स्वस्त पडतो. त्याच्यासमोर होस्टेलची फी, डिपॉझिट आणि मेसचं बिल ठेवलं की कुठलाही बाप पासच निवडेल. पण तुमच्या हिशोबात सरकारी योजना मला कुठे दिसल्या नाहीत. अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर समाजकल्याणची स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांसाठी स्वयम् आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तुमच्या मुलीचा अभ्यासक्रम यादीत बसतो का, ते मात्र तपासून घ्यावं लागेल. हे पैसे वेळेवर खात्यात येतात असं मी म्हणणार नाही. हप्ता लांबतो आणि तोवर घरातूनच भागवावं लागतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांची तजवीज हातात असल्याशिवाय होस्टेल घेऊ नका, हे मी तुमच्यासारख्या प्रत्येक पालकाला सांगते. पण भत्ता धरून आणि न धरून असे दोन्ही आकडे कागदावर मांडा. आजवर आपल्याकडे बहुतेक घरांत एकच आकडा मांडला जातो.

आता तो तासा-सव्वातासाचा प्रवास. नाना, हा वेळ फक्त रुळांवरचा आहे. तुमचं गाव स्टेशनपासून मोटरसायकलवर वीस मिनिटांवर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. गाडीच्या आधी पंधरा मिनिटं तरी स्टेशनवर हवं. जळगावला उतरून विद्यापीठ म्हणजे गावाबाहेर, गिरणेकाठच्या टेकड्यांवर, स्टेशनपासून आठ-नऊ किलोमीटर. रिक्षा भरेपर्यंत थांबणं आलंच. धरणगाव-पाळधीवरून येणारी एसटी महामार्गाने विद्यापीठासमोरून जाते, ती सोयीची पडेल, पण ती दारात थांबते का ते आधी विचारून ठेवा. कसंही केलं तरी एका बाजूला अडीच तासांच्या आत हे बसत नाही, म्हणजे दिवसाचे पाच तास. त्यात रुळांच्या कामासाठी ब्लॉक असला किंवा एक्सप्रेस पुढे काढायला पॅसेंजर बाजूला उभी केली तर तो वेळ वेगळा. उधना-जळगाव मार्ग दुहेरी झाल्यापासून क्रॉसिंगला ताटकळणं कमी झालं, हे मान्य. तरी पॅसेंजरचा नंबर अजूनही शेवटीच लागतो.

हे पाच तास जातात कुठून, ते मी रोज पाहते. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. अॅसिटॅनिलाइड नावाचं रसायन शुद्ध करायचं प्रॅक्टिकल असतं. कच्चा माल गरम पाण्यात विरघळवायचा, गाळायचा आणि हळूहळू थंड होऊ द्यायचा. घाई केली नाही तर बीकरच्या तळाशी पांढऱ्या चकचकीत पापड्या धरतात. त्या सुकवून वितळणबिंदू काढला की ११४ अंशांच्या आसपास नेमका येतो. ज्यांना गाडी गाठायची असते त्या मुली बीकर थेट बर्फात ठेवतात. झटक्यात थंड केलं की मळ आतच अडकतो, पापड्यांऐवजी भुगा मिळतो, आणि तो १०८ला मऊ पडायला लागून ११२पर्यंत वितळत राहतो. जर्नलमध्ये मात्र ११४ लिहिलेलं असतं. पोरगी हुशार आहे, खोटारडी नाही. तिची नजर घड्याळावर असते. टायट्रेशनलाही, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगालाही, तेच. दोन रीडिंग घेऊन झाली की तिसरं दुसऱ्यासारखंच लिहायचं आणि बॅग उचलायची.

बी.एस्सी.त हे खपून जातं. एम.एस्सी.ला दुपारची प्रॅक्टिकल लांबतात, काही प्रयोग रात्रभर ठेवावे लागतात, दुसऱ्या वर्षी प्रकल्प असतो. ज्या उपकरणासाठी आपण विद्यापीठात जातो त्यावर दिवसा सगळ्यांची गर्दी असते आणि संध्याकाळी ते मोकळं होतं. मार्गदर्शकांशी खरं बोलणं व्हायचं ते पाचनंतर, सगळं आवरल्यावर. त्या वेळेला तुमची मुलगी पाळधी ओलांडून पुढे गेलेली असेल. म्हणून मी दीड तासाची मर्यादा घातली आणि म्हणूनच विज्ञानापुरतं बोलले. एम.ए.ला किंवा एम.कॉम.ला हा निकष मी असाच्या असा लावणार नाही. पुस्तक गाडीतही वाचता येतं, प्रयोग तिथे होत नाही.

आता जे सांगणार आहे त्याचा राग मानू नका. मुलगी संध्याकाळी घरी असते, हा तुम्ही अपडाऊनचा फायदा म्हणून लिहिलाय. माझ्या वर्गात अपडाऊन करणारे मुलगे आणि मुली दोन्ही आहेत. मुलगा साडेआठला घरी पोचला की हातपाय धुऊन ताटावर बसतो. मुलगी पोचली की पीठ मळते. आईला दिवसभर वावरात निंदणी झालेली असते, तिची कंबर धरलेली असते, तेव्हा पोरीला स्वतःलाच बसवत नाही. कोणी तिला काम सांगतच नाही, तीच उठते. भाकरी, भांडी, दुसऱ्या दिवसाच्या डब्याची तयारी. दहाला वही उघडते आणि पहाटे पुन्हा डबा भरायला उठते. सुट्टीच्या दिवशी पाहुणे, कापूस वेचणी, लग्नसराई. घर वाईट नाही, नाना. तुमचं घर मायेचं आहे, ते तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतं. पण डोळ्यासमोरच्या मुलीला ‘आता दोन तास माझे’ असं म्हणता येत नाही. होस्टेलच्या खोलीत तिच्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते. दोन वर्षं तिच्या संध्याकाळवर फक्त तिचा अभ्यास हक्क सांगेल, एवढ्यासाठी मी मुलींच्या बाबतीत जास्त हट्टाने बोलते.

होस्टेलात मुलं बिघडतात, हेही तुम्ही पाहिलंय म्हणता. मीही पाहिलंय, नाकारत नाही. पण तुम्ही अमळनेरचे. साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तसेच छात्रालयाचे प्रमुखही होते. आजारी मुलांच्या उशाशी बसणं, न सांगता त्यांच्या खोल्या आवरणं, अंथरुणं घालणं हे त्यांनी केलं. मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढलं. १९३०मध्ये ते नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, त्याच्या आधीची ही गोष्ट. असा माणूस प्रत्येक होस्टेलला मिळणार नाही हे मला कळतं. पण होस्टेल चांगलं की वाईट हे तिथे रेक्टर कोण आहे आणि तो किंवा ती रात्री कुठे असते यावर ठरतं, हे तुमच्याच गावाने शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय.

म्हणून प्रवेशाच्या आधी एकदा जाऊन या, आणि जाताना मुलीच्या आईला सोबत न्या, कारण जे त्यांच्या नजरेला पडेल ते तुमच्या-माझ्या पडणार नाही. रेक्टरबाई आवारात राहतात का, ते विचारा. रात्री एखादी मुलगी तापाने फणफणली तर दवाखान्यात कोण नेतं, गाडी कोणाची, हे विचारा. गेटवरचं रजिस्टर उघडून पाहा. नोंदी रोज भरल्या जातात की महिन्याच्या शेवटी एका हातात, एका पेनाने, ते पान पाहिल्याबरोबर कळतं. अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? मे महिन्यात पाणी किती वेळ येतं? आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, त्याच दिवसांत परीक्षा असतात, आणि पाण्याचे हाल असतील तर माझा सगळा युक्तिवाद तिथेच संपतो. मेसमध्ये ऑफिसातल्या माणसाला विचारू नका, जेवत असलेल्या मुलींच्या शेजारी बसून विचारा. रॅगिंगबद्दल यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९चे नियम आहेत. त्यांप्रमाणे विद्यार्थी आणि पालक दोघांकडून लेखी हमी घेतली जाते. हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२ आहे, तो मुलीच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. हे पाहून तुमचं मन मानलं नाही तर होस्टेल घेऊ नका, मी आग्रह धरणार नाही. अशा वेळी विद्यापीठाजवळ दोन-तीन मैत्रिणींनी मिळून खोली घेणं हा मार्ग उरतो, पण त्यात घरमालकाची चौकशी तितकीच कसून करावी लागते.

तुमच्या पिढीच्या अपडाऊनबद्दल मला आदरच आहे. पण तेव्हा वर्षाअखेरीला एकच परीक्षा असायची. परीक्षेआधी दोन महिने घरी बसून झटून अभ्यास केला की वर्ष निघून जायचं. आता सेमिस्टर आहे, अंतर्गत गुण आहेत, ७५ टक्के हजेरी आहे. आठवडा बुडाला तर तो भरून काढायला जागा राहत नाही. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२पर्यंत लांबला. त्या काळात रेल्वेपासून लांबच्या गावातली मुलं दुधाच्या गाडीवर, ट्रॅक्टरवर, जे मिळेल त्याने येत होती आणि काहींचं येणं बंदच झालं. पुढे संप होवो न होवो, पण मुलीचं शिक्षण एकाच गाडीवर टांगलेलं असलं की घरातल्या सगळ्यांचा जीव त्या गाडीत अडकतो.

अपडाऊन कोणी करावं, हेही सांगते. भुसावळच्या मुलांनी खुशाल करावं. पंचवीस किलोमीटर आहे, गाड्यांना तोटा नाही, एक चुकली तर दुसरी आहे. पाचोऱ्याचा मुलगा एम.कॉम. करत असेल आणि सकाळी दुकान सांभाळत असेल तर त्यानेही करावं. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि पाहायला दुसरं माणूस नसेल, तर कुठलाही लेख वाचून निर्णय बदलू नये. चाळीसगाव जळगावपासून नव्वद किलोमीटरच्या वर आहे, नंदुरबार त्याच्याही पलीकडे. पास निघतो म्हणून रोज जावं, असं ते अंतर नाही. तुमचं गाव या दोन टोकांच्या मधे पडतं, म्हणूनच तुमच्याशी इतकं बोलावंसं वाटलं.

आणखी एक. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत मुलीला काय वाटतं ते कुठेच नाही. तिला विचारा. मात्र जेवताना सगळ्यांसमोर विचारू नका, तिथे ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणेल. स्टेशनवर सोडायला जाता तेव्हा, दोघंच असताना विचारा. ती अपडाऊनच म्हणाली तर तसंच करा, फक्त मग स्वयंपाकघरातली तिची पाळी दोन वर्षांसाठी काढून घ्या आणि ते घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा.

प्रवेशाच्या अर्जात वसतिगृह हवे का, असा रकाना आला तर आत्ताच ‘होय’ करून ठेवा. मिळालेली जागा नंतर सोडता येते, नंतर मागायला गेलं तर यादी भरलेली असते. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि अल्पभूधारकाचा दाखला या आठवड्यातच काढायला टाका, तिथे वेळ लागतो. दाखले हातात आले की इथेच कळवा. कोणत्या योजनेत मुलीचं नाव बसतं ते मी बघून देते.